विद्यापीठ ठाण्यात नेमकं राहतं कुठे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतल्या एक काकू भर पावसात बाळकुमला गेल्या आणि हात हलवत परत आल्या. मुलाच्या मार्कशीटवर आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. स्टेशनवरून रिक्षा केली, 'युनिव्हर्सिटी' एवढंच सांगितलं आणि रिक्षावाल्यानं त्यांना अगदी बरोबर ठिकाणी सोडलं. मुंबई विद्यापीठाचा ठाणे उपपरिसर बाळकुमलाच आहे. पण आत गेल्यावर कळलं की हे काम इथलं नव्हेच. अर्ज मुलाच्या कॉलेजात द्यायचा, कॉलेज तो पुढे कलिनाला परीक्षा विभागाकडे पाठवणार.

मी काही वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैशांवर, कॉलेजात शिकवलंय. तेवढ्या भांडवलावर सोसायटीतले विद्यापीठाचे सगळे प्रश्न माझ्या दारात येतात. डॉक्टरच्या बायकोला लोक औषधं विचारतात, तसंच. संध्याकाळी काकू छत्री गॅलरीत टेकवून आत आल्या आणि म्हणाल्या, "कॉलेज इथे खाडीवर, पाटी बाळकुमला, परीक्षा विभाग कलिनाला आणि तो टॉवरवाला भाग फोर्टला. अगं, मग विद्यापीठ म्हणायचं कशाला?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर द्यायला मला दोन चहा लागले. तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत घरटी एक तरी पदवीधर सापडेल, आणि तरीही 'विद्यापीठ' या शब्दानं आपल्या डोळ्यांसमोर निकालाच्या वेबसाइटपलीकडे फारसं काही येत नाही.

सुरुवात जरा मागून करावी लागते. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं स्थापन झाली, ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. ते विद्यापीठ तेव्हा स्वतः शिकवत नसे. कॉलेजं शिकवायची, विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवायचं, परीक्षा घ्यायचं आणि पदवी द्यायचं. मुंबईतही तेच झालं. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर होते, शिकले एल्फिन्स्टनमध्ये, पास झाले विद्यापीठाकडून. विद्यापीठाचा इलाखा तेव्हा सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेला. पुढे सिंध, पुणे, गुजरात, कर्नाटक अशी विद्यापीठं एकेक करून वेगळी झाली आणि मुंबईकडे उरलं ते मुंबई शहर, उपनगर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि २०१४ पासून वेगळा झालेला पालघर. सात जिल्हे, आठशेहून अधिक कॉलेजं.

स्वतःचे विभाग, संशोधन, पदव्युत्तर शिक्षण हे सगळं मुंबई विद्यापीठात नंतर आलं आणि आज कलिनाला ते मोठ्या प्रमाणावर आहे. पण सामान्य पदवीच्या विद्यार्थ्यासाठी मूळ नमुना अजून तोच. म्हणून काकूंच्या मुलानं तीन वर्षांत विद्यापीठाचं एकही दार पाहिलं नाही, तरी तो मुंबई विद्यापीठाचाच पदवीधर.

ठाण्याच्या बाबतीत यात एक मजा आहे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे विद्यापीठ जन्माला यायच्या चार वर्षं आधी. गाडी आली, विद्यापीठ आलं, पण कॉलेज मात्र ठाण्यात यायला शंभरावर वर्षं गेली. ठाण्यातल्या विद्या प्रसारक मंडळानं, म्हणजे १९३५ पासून इथे शाळा चालवणाऱ्या संस्थेनं, १९६९ साली कला-वाणिज्य महाविद्यालय सुरू केलं. त्याआधीच्या पिढ्यांचं विद्यापीठाशी नातं होतं ते लोकलच्या पासाचं. सकाळी डबा घेऊन मुंबईकडे जायचं, संध्याकाळी परत. गावात वाचनाची भूक नव्हती असं मुळीच नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. म्हणजे पुस्तकं गावात आणि पदवी मुंबईत, अशी पाऊण शतकाहून जास्त काळाची वाटणी होती.

मंडळाचं हे संकुल चेंदणीला खाडीच्या काठी उभं राहिलं. कला-वाणिज्यानंतर विधी महाविद्यालय आलं, १९७६ ला विज्ञानाचं बांदोडकर महाविद्यालय. विधी महाविद्यालयाच्या नावात आजही 'टीएमसी', म्हणजे ठाणे म्युनिसिपल कौन्सिल, आहे, ही मला नेहमी सांगण्यासारखी गोष्ट वाटते. तेव्हा ठाण्यात महानगरपालिका नव्हती, नगरपालिका होती. ती १९८२ साली महापालिका झाली. गावच्या नगरपालिकेचं नाव गावच्या लॉ कॉलेजला लागतं, यात गाव आणि उच्च शिक्षण यांचं एक जुनं, सरळ नातं दिसतं. आपल्या मुलांना वकील व्हायला मुंबईला जावं लागू नये, इतकं साधं.

आता व्यवस्था समजून घेऊ. ठाणेकराला ही एका उदाहरणानं चटकन कळते: इमारत आणि ओसी.

इमारत बिल्डर बांधतो, पण नकाशा मंजूर करते महापालिका आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, तीच देते. कॉलेज म्हणजे ती इमारत. संस्था जागा आणते, वर्ग बांधते, शिक्षक नेमते. विद्यापीठ नकाशा देतं, म्हणजे अभ्यासक्रम. तो अभ्यासमंडळं तयार करतात आणि विद्या परिषद मंजूर करते. मधूनमधून पाहणीला समिती येते. आणि शेवटी विद्यापीठ ओसी देतं, म्हणजे पदवी. हे जे नातं, त्याला 'संलग्नता' म्हणतात. ओसी नसलेल्या इमारतीत लोक राहतात हे ठाण्याला वेगळं सांगायला नको, पण मग पाणी, कर्ज, विक्री सगळीकडे अडतं. संलग्नता नसलेल्या 'कॉलेजात' शिकणाऱ्याचंही असंच अडतं. आणि मुलं, आईबाप प्रवेश घेताना बोर्डावरचं नाव वाचतात, त्याखालची ओळ वाचत नाहीत.

परीक्षेतही ही वाटणी आहे. पारंपरिक तीन वर्षांच्या पदवीत पहिल्या चार सत्रांच्या परीक्षा कॉलेजंच विद्यापीठाच्या वतीनं घेत आली; शेवटच्या दोन सत्रांच्या विद्यापीठ स्वतः. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला नाही तर कॉलेजच्या ऑफिसात विचारायचं आणि शेवटच्या वर्षाचा लागला नाही तर बातम्यांमध्ये. २०१७ साली उत्तरपत्रिकांची तपासणी एकदम संगणकाच्या पडद्यावर नेली गेली आणि मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन्‌महिने रखडले, ते आठवतंय ना? सात जिल्ह्यांचं एक गोदाम केलं की कुलूप बिघडल्यावर सातही जिल्हे बाहेर उभे राहतात.

'स्वायत्त' हा शब्द हल्ली खूप पाट्यांवर दिसतो. चेंदणीचं बांदोडकर स्वायत्त आहे, वाशीचं रयत शिक्षण संस्थेचं कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयही. स्वायत्त म्हणजे नकाशा स्वतः काढायचा, परीक्षा स्वतः घ्यायच्या, निकाल स्वतः लावायचे. ओसीवर सही मात्र विद्यापीठाचीच. स्वायत्त झालं म्हणजे कॉलेज खासगी झालं, अशी एक समजूत मी लग्नाच्या मांडवापासून लोकलच्या डब्यापर्यंत ऐकलीय. तसं नाही. अनुदानित कॉलेज स्वायत्त झालं म्हणून अनुदानित शिक्षकाचा पगार सरकार बंद करत नाही. फी कुठे चढते हे पाहायचं असेल तर स्वायत्ततेकडे नाही, कोर्सकडे पाहायचं: अनुदानित बी.ए., बी.कॉम. एका फीत आणि त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, 'सेल्फ फायनान्स', म्हणजे विनाअनुदानित, कोर्स कितीतरी पट फीत.

आणि 'अभिमत' म्हणजे? ओसीचंच उदाहरण पुढे नेलं तर अभिमत विद्यापीठ हे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसारखं. ज्या भागात सिडको हीच नियोजन प्राधिकरण, तिथे नकाशाही तिचा, मंजुरीही तिची. नेरूळचं डी. वाय. पाटील विद्यापीठ हे अभिमत आहे. ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न नाही. पदवी त्याची स्वतःची. त्याच्या आवारातलं रुग्णालय नेरूळ-बेलापूरच्या लोकांना माहीत असतं आणि शेजारचं स्टेडियम तर साऱ्या देशाला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या महिला संघानं विश्वचषक तिथेच जिंकला. त्या रात्री 'डी. वाय. पाटीलला चाललोय' म्हणणाऱ्या हजारोंपैकी कुणाच्याही मनात शिक्षणसंस्था नसणार, आणि त्यात वाईट काही नाही. शहर विद्यापीठाला असंच ओळखतं. दवाखाना, मैदान, सभागृह, बसस्टॉप.

नवी मुंबईचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबायला हवं, कारण तिथे हा प्रश्न ठाण्यापेक्षा जास्त टोकदार आहे. ठाण्यात कॉलेजं गावानं काढली. नवी मुंबईत शहरच आखून आलं. १९७० साली सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या आणि नोड, म्हणजे शहराचे एकेक भाग, आखताना शाळा-कॉलेजांसाठीही भूखंड आखले गेले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याला जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारानं पाच जणांचे प्राण घेतले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्याच्या पोटातून आली. म्हणजे वाशी-नेरूळ-खारघरच्या एखाद्या चकचकीत शैक्षणिक संकुलाबाहेर उभं राहिलं की पायाखाली कुण्या आगरी-कोळी कुटुंबाची भातशेती किंवा मिठागर असतं. तिथे 'स्थानिक समाज' हा पुस्तकी शब्द नाही. त्या कुटुंबातली मुलगी आत शिकते आहे का, की तिचा भाऊ गेटवर सुरक्षारक्षक आहे, हा साधा प्रश्न विचारला की संस्थेचं आणि गावाचं नातं कळतं. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांसाठी सिडकोची विद्यावेतन योजना आहे. पण शिकायला पैसे मिळणं आणि कॉलेजात आपलं कुणी आहे असं वाटणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

वाशीला रयतचं कॉलेज आहे, याला म्हणूनच मला महत्त्व वाटतं. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी सुरू केलेली संस्था, 'कमवा आणि शिका' ही तिची ओळख, आणि ती येऊन पोचली कुठे, तर माथाडींच्या आणि बाजार समितीच्या वाशीत. साताऱ्या-सांगलीकडून मुंबईच्या बाजारात हमालीला आलेल्या माणसाला 'रयत' हे नाव ओळखीचं होतं. पोराला कुठे घालायचं हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

आता देण्याघेण्याचा हिशेब. विद्यापीठ गावाला काय देतं?

एक तर माणसं. ठाणे जिल्ह्यातल्या बँकांत, पालिकेत, शाळांत, सीएंच्या ऑफिसांत बसलेला मोठा वर्ग याच कॉलेजांतून बाहेर पडलेला आहे. यावर फार लिहायला नको, सगळ्यांना दिसतं.

दुसरं, एनएसएस. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४०, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. ठाण्याच्या कॉलेजांची शिबिरं बहुतेक शहापूर, मुरबाड, भिवंडीकडच्या गावांत आणि पाड्यांवर होतात. ठाकर, कातकरी, वारली वस्त्या. गाव 'दत्तक' घेतात. पोती भरून वनराई बंधारा घालतात, शाळेच्या भिंती रंगवतात, रात्री पथनाट्य होतं. मी एका शिबिरात दोन दिवस जाऊन राहिलेली आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या सात दिवसांत गाव विद्यार्थ्यांकडून जितकं घेतं त्याच्या दसपट विद्यार्थी गावाकडून घेतात. घोडबंदरच्या बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलानं पहिल्यांदा हंडा उचलला की त्याला पाणी म्हणजे काय ते कळतं. हे मोलाचंच आहे. पण मग त्याला 'ग्रामविकास' म्हणून बॅनर लावू नये, गावानं आमच्या मुलांना शिकवलं असं लिहावं. 'दत्तक' शब्दाचं तर मला कायम कोडं वाटतं. कोण कुणाला दत्तक घेतंय?

तिसरं, आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग. विद्यार्थी त्याला 'डीएलएलई' म्हणतात आणि त्याचे वाढीव गुण मिळतात म्हणून लक्षात ठेवतात. लोकांत जाऊन सर्वेक्षण, जनजागृती, उद्योजकतेची कामं यात येतात.

आणि चौथं हे आता नव्यानं आलंय. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या आराखड्यात 'फील्ड प्रोजेक्ट' आणि 'कम्युनिटी एंगेजमेंट' यांना क्रेडिट आहेत. क्रेडिट म्हणजे ढोबळमानानं अभ्यासाच्या तासांचं माप. अशा प्रत्यक्ष कामात एका क्रेडिटला साधारण ३० तास. दोन क्रेडिट म्हणजे ६० तास समाजात जाऊन काम. आधी हे हौशीचं होतं, आता ते मार्कशीटवर येतं. एका कॉलेजातल्या शेकडो मुलांना एकाच सत्रात ६० तास 'समाज' पुरवायचा, म्हणजे समाज आणायचा कुठून? परिणाम व्हायचा तोच होतो. फॉर्म छापले जातात, आमच्या सोसायटीत तीन आठवड्यांत कचरा वर्गीकरणावर तीन निरनिराळ्या गटांनी तोच प्रश्न विचारला, आणि तिसऱ्या गटाला वॉचमननं न विचारता सगळी उत्तरं सांगितली.

मात्र जिथे कॉलेजनं वर्षानुवर्षं एकाच गोष्टीला धरून ठेवलं, तिथे चित्र फार वेगळं आहे, आणि त्याचं उदाहरण ठाण्यातच आहे. चेंदणीचं संकुल खाडीवर. मागच्या बाजूला तिवरं, चिखल, भरती-ओहोटी. बांदोडकरच्या प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्राच्या मुलांसाठी खाडी ही प्रयोगशाळाच झाली. चिखलातले जीव, पाण्यातला प्राणवायू, तिवरांची पानगळ, पाणपक्षी यांवर तिथे शोधनिबंध लिहिले गेले. ठाण्याची खाडी तोवर शहराच्या दृष्टीनं गटार होती. आपण नाक दाबून कळव्याच्या पुलावरून जायचो. २०१५ साली तिचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. हे काही एकट्या कॉलेजमुळे झालं नाही. वनखातं, पक्षिनिरीक्षक, कोळी बांधव, कोर्टकचेऱ्या, बरेच हात लागले. पण एखादी जागा वाचवायची वेळ येते तेव्हा 'इथे आधी काय होतं आणि आता काय आहे' हे सांगणारं कुणीतरी लागतं, आणि ते एका सत्रात होत नाही. त्याला वीस-तीस वर्षं त्याच चिखलात उतरावं लागतं. स्थानिक कॉलेजाखेरीज हे कोण करणार? आयआयटीला जगाचे प्रश्न आहेत. आमची खाडी आम्हालाच मोजावी लागते.

उलट बाजूनं, गाव विद्यापीठाला काय देतं? वेळापत्रक देतं! ठाण्यातली कितीतरी पदवी कॉलेजं सकाळी सातला का भरतात, याचं कारण विद्यापीठाच्या कुठल्याही नियमात सापडणार नाही. तेच वर्ग दुपारी ज्युनिअर कॉलेजला लागतात हे एक कारण, आणि दुपारनंतर मुलं कामाला जातात हे दुसरं. कसारा, आसनगाव, टिटवाळा, बदलापूर, दिवा इथून निघणारी मुलं पहाटे पाचला उठतात. वसतिगृह नाही, म्हणून लोकलच वसतिगृह. पहिल्या तासाला उशीर झाला की मी कारण विचारायचे नाही. 'दिव्याला गाडी थांबलीय' हे मला घरूनच माहीत असायचं.

शिक्षकही गावच देतं. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेली, पीएचडी करणारी इथलीच मुलंमुली तासिका तत्त्वावर शिकवतात. तासाला ठरलेले पैसे, सुट्टीत शून्य, आणि मानधन बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी एकदम. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी क्लासला. विद्यापीठाचा समाजाशी संबंध या विषयावरची चर्चासत्रं याच मुलांच्या जिवावर भरतात. खुर्च्या मांडण्यापासून सूत्रसंचालनापर्यंत.

मग काकूंच्या प्रश्नातून पुढचा प्रश्न येतोच: ठाण्याला स्वतःचं विद्यापीठ का नको? हिशेब 'हवं' म्हणणाऱ्यांच्या बाजूनं आहे. सोलापूरला २००४ साली एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ मिळालं. २०११ च्या जनगणनेत त्या जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख. त्याच जनगणनेत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांचा, देशात सर्वांत मोठा. त्याला आणखी जिल्ह्यांबरोबर एकाच परीक्षा विभागाच्या रांगेत उभं केलेलं. तळकोकणातून वेगळ्या कोकण विद्यापीठाची मागणी वर्षानुवर्षं होते, त्यामागेही हीच दगदग. सावंतवाडीहून कलिना म्हणजे एक रात्र.

पण ठाणेकराची अडचण वेगळी आहे, आणि ती कुणी उघड बोलत नाही. आपल्याला ठाण्याचं विद्यापीठ हवं असतं, ठाण्याच्या विद्यापीठाची पदवी नको असते. लग्नाच्या बायोडेटात 'मुंबई विद्यापीठ' लिहिलेलं बरं दिसतं, परदेशी अर्जात ते नाव ओळखीचं असतं. १८५७ चा शिक्का आहे तो. काकूंना मी विचारलं, "मुलाच्या मार्कशीटवर उद्या ठाणे विद्यापीठ आलं तर?" त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "नको बाई. आत्ता त्याला नोकरी शोधायचीय."

म्हणून मधला मार्ग निघाला उपपरिसराचा. रत्नागिरीचा जुना, ठाणे आणि कल्याणचे अलीकडचे. विद्यापीठाचे काही स्वतःचे कोर्स तिथे चालतात. ठाण्यात कायदा आणि व्यवस्थापनाचे. काकूंसारख्यांची कामं, म्हणजे दुरुस्ती, दाखले, चौकशी, तिथेच होऊ लागली तर उपपरिसर खऱ्या अर्थानं ठाण्याचा होईल. नाव आणि पाटी आली. खिडकी यायची आहे. ही खिडकी मागायची कुणाकडे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

सध्याचा कायदा म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तो मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यात कुलगुरू आहेत, व्यवस्थापन परिषद आहे, विद्या परिषद आहे, आणि अधिसभा आहे, जिला सगळे 'सिनेट' म्हणतात. सिनेटचं काम कायद्यात दोन भागांत सांगितलंय. पहिला भाग पैशाचा, म्हणजे अर्थसंकल्प. दुसरा भाग असा की, चालू आणि पुढच्या अभ्यासक्रमांबद्दल समाजाचं म्हणणं विद्यापीठापर्यंत पोचवणं. म्हणजे समाजानं बोलावं यासाठी कायद्यानंच एक खोली बांधून ठेवली आहे. तिथे प्राचार्य, संस्थाचालक, शिक्षक असतात, लोकप्रतिनिधी असतात, आणि दहा जागा असतात नोंदणीकृत पदवीधरांच्या. त्यातल्या पाच राखीव: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला, प्रत्येकी एक.

'नोंदणीकृत' हा त्यातला कळीचा शब्द. पदवी मिळाली म्हणून आपोआप मत मिळत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करून नाव लावावं लागतं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई विद्यापीठाच्या या दहा जागांसाठी मतदान झालं, तेव्हा सात जिल्ह्यांच्या यादीत नावं होती सुमारे १३ हजार. विद्यापीठ दरवर्षी याच्या कितीतरी पट पदव्या वाटतं. आमच्या एका प्रभागातली मतदारयादी याहून जाड असते. मग ज्यांची संघटना आहे ते नावं लावतात, ते निवडून येतात, आणि आपण 'तिथेही राजकारणच' म्हणून मान हलवतो.

नवीन कॉलेज कुठे निघणार हेही असंच ठरतं. विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत आराखडा करावा लागतो. आत्ताचा २०२४ ते २०२९ चा. कुठल्या गावात, कुठल्या विद्याशाखेचं कॉलेज लागेल ते त्यात 'बिंदू' म्हणून दाखवतात. बिंदू नसेल तर तिथे परवानगी मिळत नाही. दिव्याला रात्रीचं कॉलेज हवं की घोडबंदरला आणखी एक व्यवस्थापनाचं, मुरबाडला शेतीशी जोडलेला कोर्स हवा की पुन्हा एक बी.कॉम., हे वाद त्या बिंदूंवर व्हायला हवेत, आणि हा आराखडाही सिनेटसमोर येतो. वर्तमानपत्रात आतल्या पानावर त्याची चार ओळींची बातमी असते. मी स्वतः ती अनेक वर्षं ओलांडून पुढे गेलेली आहे.

काकूंच्या मुलाचं स्पेलिंग नंतर दुरुस्त झालं. कॉलेजमधून अर्ज गेला, दोन-तीनदा खेटे झाले, पण झालं. ते सांगायला त्या आल्या तेव्हा हातात एक प्लॅस्टिकची फाइल होती. मला वाटलं मार्कशीट दाखवायला आणलीय. आत लॅमिनेट केलेला, कडा पिवळ्या पडलेला एक कागद होता. १९८६ सालची बी.ए., 'बॉम्बे युनिव्हर्सिटी'. लग्नाच्या आधीचं नाव.

"ती सिनेटची यादी म्हणालीस ना," काकू म्हणाल्या, "त्यात हे जुनं नाव चालतं का, की आधी हेच दुरुस्त करायला कलिनाला जावं लागेल?"